जुनी टर्बो गाडी तापली की सुरू होत नाही, फ्युएल पंप बदलूनही तेच. रिले खराब आहे हे कसं ओळखायचं?

तुमची गाडी 1987 सालची पोर्शे 944 टर्बो. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते, पण म्हापशाहून पणजीला येऊन दहा मिनिटं उभी केली की सेल्फ नुसता फिरत राहतो, आणि अर्ध्या तासाने काही झालंच नव्हतं अशी चालू होते. फ्युएल पंप बदलून झाला, आता मेकॅनिक कॉम्प्युटर बदला म्हणतोय. तुम्ही विचारताय, आधी रिले तपासू का?

हो, आधी रिलेच तपासा. रिले म्हणजे फ्युएल पंप आणि इंजिनचा कॉम्प्युटर यांचा करंट जोडणारा-तोडणारा विजेवर चालणारा स्विच. कॉम्प्युटरवर पैसे घालू नका, निदान अजून तरी नाही.

मी फोंड्याला ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अशीच एक ऐंशीच्या दशकातली टर्बो गाडी आली होती, कंपनी वेगळी पण दुखणं हेच. मालक चोडणचे. रायबंदरच्या धक्क्यावर फेरीच्या रांगेत इंजिन बंद करून थांबायचे आणि फेरी लागली की गाडी सुरू व्हायची नाही. मागच्या स्कूटरवाल्यांनी ढकलून बाजूला घ्यायची, हे आठवड्यातून दोनदा. मी पंपावर बारा व्होल्ट येतात का हे न बघताच नवा पंप बसवून दिला. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग मे महिन्यातल्या एका दुपारी मीटर घेऊन त्यांच्याबरोबर रांगेत जाऊन बसलो. सेल्फ मारला, पंप गप्प. रिलेच्या एका टोकाला करंट होता, पंपाकडे जाणाऱ्या टोकाला नव्हता. खिशातल्या पेन्सिलीने रिलेच्या डबीवर हलकी टिचकी मारली आणि मागून पंपाची घुरघुर ऐकू आली. घरी आणून डबी उघडली, तर भिंगाखाली एका पायाभोवती केसाएवढं काळं कडं दिसलं. नखाने दाबला की पाय हलत होता. सगळा प्रकार एवढ्याशा कड्याचा.

हे होतं असं. रिलेचे जाड पितळी पाय पातळ पट्टीवर सोल्डरने धरलेले असतात. गाडी तापते, थंड होते. पितळ, सोल्डर आणि पट्टी तिघंही कमीजास्त फुगतात, आणि तीस-पस्तीस वर्षांत सोल्डर पायाभोवती गोल तडकतं. थंडपणी ते टेकलेलं असतं, तापलं की सुटतं. त्यात पंप सहा अँपिअर ओढत असेल आणि त्या भेगेत 0.1 ओहम जरी रोध आला, तरी 0.6 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत साडेतीन वॅटच्या वर उष्णता तयार होते. म्हणजे भेग स्वतःलाच तापवते. चालत्या गाडीत थोडं तरी वारं लागतं. उभी केल्यावर ते थांबतं, टर्बोची धग बॉनेटखाली कोंडते, उन्हात बंद केलेली केबिन भट्टी होते. म्हणून त्रास चालताना कमी आणि थांबून पुन्हा सुरू करताना जास्त.

तुमच्या गाडीतला डीएमई रिले (डीएमई म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) म्हणजे एका डबीत दोन रिले आहेत. पहिला अर्धा 87 नंबरच्या पायावरून कॉम्प्युटर आणि इंजेक्टरना पुरवठा देतो, दुसरा 87बी वरून फ्युएल पंपाला. 30 नंबरवर बॅटरीचा करंट कायम असतो. एक गोष्ट लक्षात ठेवा: या गाडीत नुसती चावी ऑन केली तर पंप वाजत नाही, इंजिन फिरू लागल्यावरच कॉम्प्युटर त्याला हुकूम देतो. त्यामुळे चावी ऑन करून "पंप मेला" म्हणणं चूक. तसंच गाडी बंद केल्यावर थोडा वेळ येणारी घूं घूं फ्युएल पंपाची नव्हे, टर्बो गार करणाऱ्या पाण्याच्या इलेक्ट्रिक पंपाची आहे.

आता गाडी अडेल तेव्हा सेल्फ मारताना टॅकोमीटरच्या, म्हणजे इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या मीटरच्या, काट्याकडे बघा. काटा जरासा उडत असेल तर कॉम्प्युटरला करंट मिळतोय आणि इंजिन फिरतंय हे त्याला कळतंय. मग पंप गप्प असेल तर संशय रिलेच्या दुसऱ्या अर्ध्यावर. काटा मेल्यासारखा पडून असेल तर पहिला अर्धा तरी गेलाय किंवा इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा फ्लायव्हीलजवळचा सेन्सर. दोन्हींतला फरक कळायला रिले उपसून काढा आणि सॉकेटमध्ये 30, 87 आणि 87बी ही तीन टोकं 15 अँपिअरचा फ्यूज घातलेल्या जाड वायरने जोडा. पंप लगेच वाजेल. आता गाडी सुरू झाली तर गुन्हेगार सापडला. नाही झाली तर सेन्सर तपासायला घ्या.

वायर लावायच्या आधी पेट्रोलचा वास येतोय का बघा. इथल्या हवेत जुने रबरी पाइप चिरतात, आणि आताच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने तर ते आणखी लवकर खराब होतात. वास आला तर वायर लावूच नका, आधी पाइप बदला.

आणि ही वायर लावून गाडी चालवू नका, मग कोणी कितीही "चालतंय की" म्हणो. इंजिन बंद पडलं की पंपाचा करंट तोडणं हे त्या रिलेचं काम आहे. अपघातात पाइप फुटला तर वायर लावलेला पंप पेट्रोल ओततच राहील.

गाडी अडत नसतानाही रिले पकडता येतो. 30 आणि 87बी या दोन पायांवर बारीक वायरी अडकवून केबिनमध्ये आणा आणि इंजिन चालू असताना मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. चांगल्या रिलेत 0.1 ते 0.2 व्होल्टच्या वर जाणार नाही. गाडी तापेल तसा आकडा चढत 0.5 च्या पुढे गेला तर रिले संपत आलाय. इंजिन फिरत असताना एकदम बारा दिसले तर कॉन्टॅक्ट तुटला. रिले नुसता हातात घेऊन ओहम मोजण्यात अर्थ नाही, थंड आणि बिनलोडचा रिले बहुधा चांगलाच दिसतो. टेबलावर तपासायचा असेल तर कॉइलला बारा व्होल्ट द्या, 55 वॅटचा हेडलाइट बल्ब लोड म्हणून लावा आणि हेअर ड्रायरने शेकत टिचक्या मारा. बल्ब मिचकावला की समजा.

दुरुस्ती अवघड नाही. डबीच्या खाचा पातळ स्क्रू ड्रायव्हरने उचकटा, जुनं सोल्डर पूर्ण उपसून काढा, नुसता वरून थेंब टाकू नका, आणि 60/40 चं सोल्डर फ्लक्स लावून नव्याने भरा. पाय जाड आहेत, 25 वॅटची सोल्डरिंगची इस्त्री पुरत नाही, 60 वॅटची घ्या. कॉन्टॅक्ट जळून खड्डे पडले असतील तर पॉलिश पेपर घासू नका, नवा रिले आणा. माझं ऐकाल तर नवा तसाही आणाच, आणि हा दुरुस्त केलेला ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. सॉकेटची टोकं मात्र जरूर बघा. किनाऱ्याजवळ गाडी असेल तर दोन पावसाळ्यांत त्यांच्यावर हिरवट थर येतो, आणि तसल्या सॉकेटमध्ये नवा रिलेही तापतो. क्लीनरने धुवा, सैल झालेली टोकं हलकेच आवळा.

हे होईपर्यंत चोर्ला घाटात पाय दाबून चालवू नका. साध्या गाडीत पंप क्षणभर अडला तर गचका बसतो. टर्बो बूस्ट देत असताना पेट्रोल कमी पडलं तर मिश्रण पातळ होतं, सिलिंडरमध्ये ठोके पडतात आणि पिस्टन वितळू शकतो.

पुढच्या वेळी गाडी अडली की सगळ्यात आधी तो काटा बघा, आणि उडाला की पडून राहिला ते इथेच लिहा. पडून राहिला असेल तर सेन्सर कसा मोजायचा ते सांगतो.