शी हुआंगदी: यातला ‘शी’ कोण?

‘चीनचा पहिला शी हुआंगदी राजा’ असं लिहिलेलं वाचलं. ते बरोबर आहे का आणि ‘शी’ हे आडनाव आहे का, असा प्रश्न आहे.

आडनाव नाही. ‘शी’ म्हणजेच पहिला, आद्य. त्याच्यामागे आणखी ‘पहिला’ लावला की पिवळा पीतांबर होतो. माणसाचं नाव झेंग, कूळ यिंग आणि राज्य छिन.

‘राजा’ही खटकतो. इ. स. पू. २४६ मध्ये, तेरा वर्षांचा असताना, तो छिनच्या गादीवर आला तेव्हा तो ‘वांग’, म्हणजे राजाच होता. पण वांग तेव्हा शेजारच्या सहा राज्यांतही होते. इ. स. पू. २३० ते २२१ या काळात ती सगळी त्याने गिळली आणि मग जुनी पदवी त्याला तोकडी वाटू लागली. मंत्र्यांनी ‘ताइहुआंग’ सुचवलं. त्याने त्यातलं ‘ताइ’ गाळलं, ‘हुआंग’ ठेवलं आणि पुराणातल्या थोर राजांना लावत तो ‘दी’ पुढे जोडला. ही जोडपदवी त्याची स्वतःची. मराठीत तिला ‘सम्राट’च म्हणावं.

आता ‘शी’. हे सगळ्यांत मजेशीर आहे. राजा वारल्यावर त्याच्या कर्तृत्वाप्रमाणे त्याला मरणोत्तर नाव द्यायची तिथे रीत होती. याला ती साफ नामंजूर. मुलाने बापाचं आणि चाकराने धन्याचं मोजमाप काढायचं म्हणजे काय! रीत मोडली आणि नावांऐवजी आकडे आले: मी पहिला, पुढचा दुसरा, मग तिसरा, असं थेट दहा हजार पिढ्यांपर्यंत. ‘चन’ हे तोवर कुणीही वापरावं असं ‘मी’ या अर्थाचं सर्वनाम होतं, तेही त्याने स्वतःपुरतं राखून ठेवलं. लिपी, वजनमापं, गाड्यांच्या आसाची लांबी, सगळं एका साच्यात बसवणाऱ्या माणसाला हे शोभूनच दिसतं. (ग्रंथ जाळण्याचा हुकूमही याचाच, इ. स. पू. २१३ चा.)

इ. स. पू. २१० मध्ये दौऱ्यावर असताना तो वारला. बातमी फुटू नये म्हणून मंत्री ली स आणि खोजा झाओ गाओ यांनी प्रेत गाडीतच ठेवलं, आणि उन्हाळ्यात दुर्गंधी सुटल्यावर ती झाकायला खारवलेल्या मासळीची भर घातली. मग धाकटा मुलगा ‘अर्शी’, म्हणजे ‘दुसरी पिढी’, या नावाने गादीवर बसला. तिसऱ्या, झीयिंगच्या वेळी सहा राज्यं पुन्हा डोकं वर काढत होती, म्हणून त्याला नुसतं ‘वांग’ म्हणवून घ्यावं लागलं. आकडेमोड दोनावरच थांबली.

पाठोपाठ आलेल्या हान घराण्याने मरणोत्तर नावं पुन्हा सुरू केली. ‘हुआंगदी’ मात्र सोडलं नाही. ती पदवी १९१२ मध्ये शेवटच्या सम्राटाने गादी सोडेपर्यंत चालली.

तेव्हा लिहिताना ‘शी हुआंगदी’ किंवा ‘छिनचा आद्य सम्राट’, यांतलं एक काहीतरी निवडावं.