वर्डची फाइल लगेच छापली जाते, मग स्कॅन केलेल्या पीडीएफला इतका वेळ का लागतो?

आपल्या प्रश्नानुसार, वकिलांच्या कार्यालयातील लेझर प्रिंटरवर वर्डमधील मजकूर भराभर छापला जातो, परंतु स्कॅन केलेल्या जुन्या कागदपत्रांच्या पीडीएफचे एकेक पान ताटकळत बाहेर येते. प्रिंटर एकच असताना हा फरक पडतो, त्यामुळे यंत्रात बिघाड असण्याची शक्यता कमी आहे. नवा प्रिंटर घेण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.

वर्डच्या पानावर अक्षरे असतात, तर स्कॅन केलेले पान हे एक अखंड चित्र असते. 600 डीपीआयने (म्हणजे दर इंचाला 600 ठिपके) स्कॅन केलेल्या ए4 पानात सुमारे 3.48 कोटी ठिपके येतात, आणि रंगीत चित्रात दर ठिपक्याला 3 बाइट धरले, तर एकट्या पानाचा भार 104 एमबीच्या आसपास जातो. पीडीएफमध्ये हे चित्र दाबून ठेवलेले असल्यामुळे फाइल लहान दिसते, मात्र छापताना ते पूर्ण उलगडावे लागते. याची खात्री करायची असेल, तर छपाई सुरू असताना विंडोजमधील प्रिंट क्यू (छपाईच्या कामांची रांग) उघडून कामाचा आकार पाहावा. चार-पाच एमबीच्या फाइलचे तिथे शेकडो एमबी झालेले अनेकदा दिसतात.

म्हणून खरा उपाय स्कॅनरपाशी आहे. तेच पान 300 डीपीआयने आणि निव्वळ काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केले, तर हा भार जेमतेम 1 एमबीवर येतो. मात्र नोटरीचा फिकट जांभळा शिक्का निव्वळ काळ्या-पांढऱ्यात पुसट होतो किंवा पार नाहीसाही होतो, म्हणून शिक्क्यांच्या पानांसाठी ग्रेस्केल (करड्या छटांचे स्कॅन) निवडावे. तेथे भार 9 एमबीच्या आतच राहतो.

जुन्या फाइली पुन्हा स्कॅन करणे शक्य नसेल, तर ड्रायव्हरमध्ये (प्रिंटर चालवणाऱ्या संगणकातील सॉफ्टवेअरमध्ये) रंगीत छपाई बंद करून रिझोल्यूशन 300 करून पाहावे. अ‍ॅडोबी रीडरच्या अ‍ॅडव्हान्स्ड खिडकीतील ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’ हा पर्याय बरेच जण सुचवतात. पारदर्शक थर, गुंतागुंतीचे नकाशे किंवा बिघडलेले फाँट असलेल्या पीडीएफसाठी तो उपयोगी पडतो, परंतु आपली पाने मुळातच चित्रे असल्यामुळे त्याचा फारसा लाभ होणार नाही. प्रिंट स्पूलर (छपाईची कामे तयार करून प्रिंटरकडे पाठवणारी विंडोजची सेवा) बंद करून पुन्हा सुरू करणे हा सल्लाही असाच सरसकट दिला जातो. त्याने अडकलेले काम सुटते, वेग वाढत नाही.

एवढे करूनही वेग वाढला नाही, तर प्रिंटर वाय-फायऐवजी यूएसबी केबलने जोडून तेच एक पान छापावे. केबलने ते लवकर आले, तर दोष नेटवर्कचा समजावा. तितकाच वेळ लागला, तर क्यूमध्ये काम ‘स्पूलिंग’वर किती वेळ राहते ते पाहावे: तिथेच रेंगाळत असेल, तर संगणक किंवा ड्रायव्हर मंद आहे, सगळा डेटा गेल्यावरही प्रिंटरचा दिवा नुसताच लुकलुकत असेल, तर त्याची मेमरी किंवा प्रोसेसर कमी पडतो आहे.