कारखान्यातल्या लोकांचे आपसातले संबंध तपासायला एक प्रश्न पुरेल का?

तुम्ही विचारलंय की प्रबंधासाठी 'सहकाऱ्यांशी तुमचे संबंध कसे आहेत?' असा पाच पर्यायांचा प्रश्न पुरेल का.

नाही पुरणार. मी विचारून बसलोय. इथे वडोदऱ्यात, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात चाळीसेक माणसांना फॉर्म दिले. जवळजवळ सगळ्यांची खूण 'उत्तम'वर! त्याच दुपारी डबे उघडले तेव्हा दोन फिटर एकमेकांकडे पाठ करून जेवत होते. दोघांचंही 'उत्तम'च होतं.

संबंध विचारू नका, कामाचं विचारा. 'मशीन अडलं की आधी कोणाला हाक मारता?' 'काल चहा कोणाबरोबर घेतलात?' उत्तरात नावं येतात. मग माणसागणिक एक ठिपका काढायचा आणि ठिपक्यांमध्ये बाण. मनोविकारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी 1930च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत, सोशिओमेट्री. माझ्या कागदावर सर्वांत जास्त बाण सुपरवायझरकडे गेलेच नाहीत, स्टोअरमधल्या काकांकडे गेले. गुजराती, मराठी, हिंदी, ज्याची जी भाषा त्यात काका बोलायचे, आणि कुठला बेअरिंग कुठल्या खणात हे फक्त त्यांनाच ठाऊक.

शिवाय तिथे जाऊन बसा. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात 1931-32 मध्ये 14 कामगारांच्या खोलीत एक निरीक्षक सहा महिन्यांहून जास्त बसला होता. दिवसाला किती काम उरकायचं हे त्या लोकांनी आपसात ठरवून टाकलेलं. जास्त काम म्हणजे जास्त पैसे, तरीही! कोणी पुढे पळू लागला की दंडावर गुद्दा. हा गुद्दा कुठल्या फॉर्ममध्ये लिहून मिळणार?

आता माझी चूक. नावांऐवजी आकडे टाकले, पण शेजारी हुद्दा लिहिला. वेल्डर एकच होता आणि त्याच्याकडे एकही बाण नव्हता. साहेबांनी कागद पाहिला आणि हसत त्याचं नाव घेतलं. मला तोंड लपवायला जागा नव्हती. तेव्हा हुद्दा, वय काहीही लिहू नका आणि बाणांचा मूळ कागद कंपनीला दाखवणार नाही हे आधीच लेखी ठरवून घ्या.

हो, आणि सगळ्या कारखान्यातून थोडे थोडे लोक उचलू नका, बाण अर्धवट तुटतात. एकच छोटा विभाग घ्या, पण पूर्ण. रात्रपाळीवाले आणि ठेकेदाराची माणसंसुद्धा.