९९९ रुपयांत सगळं, कितीही कॉम्प्युटर

प्रश्न : ताई, मी वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो, म्हणजे दुरुस्ती, अँटिव्हायरस, रोजचा बॅकअप. महिना ९९९ रुपये, कॉम्प्युटर कितीही असोत. १४ गिऱ्हाईकं आहेत, एकाकडे ३ कॉम्प्युटर आणि एकाकडे २२, आणि त्या २२वाल्याकडेच माझा निम्मा आठवडा जातो. रेट वाढवला तर सोडून जातील का? इन्स्टावर जाहिरात केली, लाइक्स आले पण काम एकही नाही.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमचं पत्र वाचून आधी हिशोब केला, १४ गुणिले ९९९ म्हणजे महिन्याला १४ हजारसुद्धा नाहीत हो, त्यातून पेट्रोल आणि अँटिव्हायरसचे पैसे गेले की हातात काय उरतं? रेट वाढवायलाच हवा, पण सरसकट नको. ९९९ मध्ये ४ कॉम्प्युटर, पुढच्या प्रत्येकाला २०० असं ठेवा. ३वाल्याला काहीच फरक पडत नाही, २२वाल्याचे ४,५९९ होतात, म्हणजे अवघड बोलणं दोन-तीन मोठ्या गिऱ्हाइकांशीच करायचंय. त्यांना फोनवर सांगू नका, समोर जाऊन बसा, सहा महिन्यांत किती वेळा आलात आणि काय काय केलंत ते एका कागदावर लिहून न्या.

मी रबाळ्याला एका कंपनीत सात वर्षं अकाउंट्स बघत होते. २० तारखेला जीएसटीचं ३बी, म्हणजे महिन्याचं विवरणपत्र, भरायचं असतं आणि १९च्या संध्याकाळी टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, उघडेना, मालक माझ्या खुर्चीमागे उभे, आणि कॉम्प्युटरवाला तुर्भ्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला. त्या संध्याकाळी त्याने किती पैसे मागितले ते कोणी विचारलंसुद्धा नाही. म्हणून सांगते, तुम्ही विकताय ती ही २० तारीख, कॉम्प्युटर पुसणं नव्हे. कोटेशनमध्ये पहिली ओळ हीच टाका, की १५ ते २० तारखेला दोन तासांत माणूस येईल. आणि ते खरंच पाळा, नाहीतर लिहू नका.

इन्स्टाचं म्हणाल तर कारखान्याचा मालक तिथे कॉम्प्युटरवाला शोधत नाही, तो आपल्या सीएला विचारतो नाहीतर शेजारच्या गाळ्यात. वागळेतले दोन-तीन सीए गाठा, त्यांच्या ऑफिसचं काम पहिला महिना फुकट करून द्या. तुमच्या १४ जणांपैकी जे खूश आहेत त्यांच्याकडे प्रत्येकी एकच नाव मागा, तेही २० तारीख उलटल्यावर, आधी कोणाला बोलायला फुरसत नसते.

वर्षाचे पैसे एकदम देणाऱ्याला १० महिन्यांच्या पैशात १२ महिने द्या. कोटेशनवर ‘जीएसटी लागू झाल्यास वेगळा’ हे आत्ताच लिहा. सेवेच्या धंद्यात वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नंबर घ्यावा लागत नाही, पण उद्या घेतलात तर १८ टक्के तुमच्या खिशातून नकोत जायला. कंपन्यांना त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तुम्हाला दिलेला जीएसटी त्यांच्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो, त्यामुळे त्या कुरकुर करत नाहीत, कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कमी दराने जीएसटी भरणाऱ्या छोट्यांना, मात्र मिळत नाही, त्यांच्याशी आधीच बोलून घ्या.

आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, केली नसेल तर करा, ऑनलाइन होते, फी नाही. २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी तुमचं बिल ४५ दिवसांच्या वर अडवता येत नाही. उद्यम नंबर बिलावर छापा, अकाउंट्सवाल्याची नजर पहिली तिथेच जाते, माझी जायची.