इंटिग्रल, इंटिग्रिटी आणि इंटेलेक्ट, इंटेलिजंट, इंटेलिजिबल हे इंग्रजी शब्द एकाच मुळातले आहेत का? त्यांच्या अर्थांत फरक काय?

दिसायला सख्खे वाटले तरी ही दोन वेगळी घराणी आहेत. दोन्ही लॅटिनमधून आली, पण त्यांचे मूळ एक नाही. ओळखायची सोपी खूण स्पेलिंगमध्ये आहे: 'आय-एन-टी-ई'नंतर 'जी' आला तर अखंडपणाचा शब्द, 'डबल एल' आला तर बुद्धीचा.

लॅटिन 'इंटिजर' म्हणजे ज्याला हात लागलेला नाही, म्हणून जे शाबूत आहे ते. गणितातला पूर्णांक तो हाच. त्यात -३ चालतो, ० चालतो, अर्धा किंवा पाव चालत नाही. इंटिग्रल म्हणजे अंगभूत, ज्याच्यावाचून मूळ वस्तू अपुरी राहील असे. चेन्नईत पेरांबूरला १९५५ साली सुरू झालेल्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या नावात तो नेमक्या अर्थाने आला आहे. तिथल्या रेल्वे डब्याचा वरचा सांगाडा आणि खालची चौकट मिळून एकच पोलादी कवच होते आणि भार ते सगळे मिळून पेलते.

इंटिग्रिटीवर मात्र थोडे थांबायला हवे, कारण सगळे जण त्याचा अर्थ 'प्रामाणिकपणा' एवढाच पाठ करतात. मग पुलाची इंटिग्रिटी तपासली असे वाचले की गोंधळ उडतो. तिथे प्रश्न असतो पूल कुठे खचला, तडकला तर नाही ना, हा. राज्यघटनेच्या उद्देशिकेत १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने हा शब्द घातला, तिथे मराठीत 'एकात्मता' आहे. माणसाच्या बाबतीतही मूळ अर्थ तोच धरावा: विचार, बोलणे आणि वागणे यांत फट नसणे. कधीही पैसे न खाल्लेला, पण साहेब बदलला की मतही बदलणारा माणूस प्रामाणिक म्हणवला जाईल. त्याच्याकडे इंटिग्रिटी आहे असे मी म्हणणार नाही. मला 'सचोटी' हा शब्द जास्त जवळचा वाटतो.

दुसऱ्या घराण्याच्या मुळाशी 'इंटर' म्हणजे मध्ये आणि 'लेगेरे' म्हणजे वेचणे, निवडणे, वाचणे. सिलेक्ट, कलेक्ट, लेक्चर हेही त्याच धातूचे. अनेकांतून नेमके वेचता येणे म्हणजे समजणे. आपला नीरक्षीरविवेक याच्या फार जवळ जातो. इंटेलेक्ट म्हणजे आकलनाची, तर्काची शक्ती. इंटेलिजंट म्हणजे हुशार, आणि हे कुत्र्यालाही म्हणता येते. इंटेलेक्च्युअल म्हणजे विचार हाच ज्याचा व्यासंग, तो. नाम म्हणून हा शब्द फ्रान्समध्ये १८९८ साली ड्रेफस प्रकरणात, म्हणजे ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला देशद्रोहाच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाल्यावरून पेटलेल्या वादात, गाजला.

इंटेलिजिबलची गल्लत सर्वात जास्त होते. ज्याला समजते तो इंटेलिजंट. जे समजण्याजोगे आहे ते इंटेलिजिबल. लेखक इंटेलिजंट असूनही त्याचा लेख इंटेलिजिबल नसू शकतो. आणि इंटेलिजन्सचा 'मिळवलेली बातमी' असाही जुना अर्थ आहे, म्हणून पोलिसांच्या त्या खात्याला मराठीत बुद्धिमत्ता विभाग न म्हणता गुप्तवार्ता विभाग म्हणतात.