परसात येणाऱ्या खारींना काय खायला घालावे, आणि त्या खरोखरच सगळी फळे संपवतात का?

आपण विचारले आहे की, परसात येणाऱ्या खारींच्या गमती पाहताना सकाळ कशी निघून जाते ते कळत नाही, परंतु घरातील मंडळी म्हणतात की त्या एकही फळ हाती लागू देणार नाहीत. तेव्हा त्यांना काय घालावे, त्या माणसाळतील का, आणि हा आरोप कितपत खरा आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दोन ओळींत संपणारी आहेत. तिसऱ्या प्रश्नावरून मी माझ्या धाकट्या दिरांशी चार हिवाळे वाद घातलेला आहे, म्हणून लिहावयास बसले.

आमचे घर अमळनेरला आहे. मागे एक कडुनिंब, दोन पेरू, एक शेवगा आणि जास्वंदीची झुडपे आहेत. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी सकाळचा चहा मागच्या ओट्यावर घेऊ लागले आणि तेव्हापासून वर्तमानपत्र दुपारीच वाचले जाते. खार झाडावरून डोके खाली करून उतरते, कारण तिचे मागचे पाऊल घोट्यातून उलटे वळते आणि नखे सालीत रुतून राहतात; पण निम्म्यावर येऊन ती खोडाला अशी चिकटते की आपण पापणी लवली तर ती तिथे होती हेच विसरावे. मांजर दिसले की ‘चिक् चिक्’ सुरू होते आणि प्रत्येक ‘चिक्’बरोबर शेपटीला एक झटका बसतो. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला की दुपारी ती माठाखालच्या ओल्या फरशीवर चारही पाय पसरून पोट टेकते. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ती मेलीच वाटली. उचलण्यासाठी सूप घेऊन गेले, तर सूप जमिनीला टेकण्याआधी बाई निंबावर पोहोचल्या होत्या.

(रामाने पाठीवरून तीन बोटे फिरवली, मग आमच्या खारीला पाच पट्टे कसे, असे वर्गातली मुले मला विचारीत. तीन पट्ट्यांची खार दक्षिणेकडची आणि पाच पट्ट्यांची उत्तरेकडची. आमच्या परसात पाचच दिसतात. सेतू दक्षिणेलाच बांधला गेला, तेव्हा कथेत चूक नाही, असे मी सांगत असे.)

आता भाऊजींविषयी. ते शेती पाहतात आणि शेजारच्याच घरात राहतात. पेरूच्या दिवसांत रोज सकाळी अर्धवट खाल्लेले पेरू टोपलीत गोळा करून ते माझ्या ओट्यावर आणून ठेवीत आणि म्हणत, “वहिनी, हे तुमच्या लाडक्यांचे काम.” पिंजरा लावण्याचे, फांद्या छाटण्याचे, इतकेच काय, एक पेरू मुळापासून काढण्याचेही त्यांनी ठरवले होते. मी जन्मभर गणित शिकवले, त्यामुळे मला आरोपापेक्षा वेळ महत्त्वाची वाटली. एका रात्री दहा वाजता मी झाडाखालची जागा स्वच्छ झाडून घेतली आणि पहाटे पाच वाजता कंदील घेऊन गेले, तर तेथे अकरा पेरू पडलेले होते. खार सूर्य मावळताच घरट्यात शिरते आणि उजाडल्याशिवाय बाहेर येत नाही. मग हे अकरा पेरू तिच्या नावावर कसे लिहावयाचे?

दुसऱ्या रात्री मी भाऊजींनाच सोबत बसवले. डिसेंबरातली थंडी होती, खानदेशात ती किती बोचते ते येथल्या माणसाला सांगावे लागत नाही. दोघेही कांबळी पांघरून ओट्यावर बसलो होतो. साडेअकराच्या सुमारास फडफड ऐकू आली, विजेरी लावली, तर फांदीला दोन मोठी वटवाघळे उलटी लटकून पेरू खात होती. सकाळी खाली चोथ्याचे गोळे सापडले, कारण वटवाघूळ रस पिळून घेते आणि चोथा थुंकते. मी तो चोथा भाऊजींपुढे ठेवला. ते शांतपणे म्हणाले, “वटवाघळे आपल्याकडे पूर्वीपासूनच आहेत,” आणि चहा पिऊन निघून गेले. चूक कबूल करणे त्यांच्या स्वभावात नाही.

तेव्हा आपणही घरच्यांशी वाद घालण्याआधी फळ नीट पाहा. खारीच्या दातांचे बारीक, जोडीने उठलेले ओरखडे गरावर दिसतात. पोपट मोठा लचका तोडतो आणि अर्ध्याहून अधिक फळ खाली टाकून देतो. चोथा असेल तर तो रात्रीचा पाहुणा होय. मी त्या मोसमात वहीत तीन रकाने आखले होते आणि खारीचा रकाना सर्वांत लहान राहिला. भाऊजींनी ती वही उघडूनही पाहिली नाही. उलट, एका खारीने त्यांच्या खिडकीतून तोंडभर कापूस पळवून घरट्यात नेला, तेव्हा दोन दिवस त्यांचा तोच विषय होता. वास्तविक भाव वाढण्याची वाट पाहत त्यांच्याकडे खोलीभर कापूस पडून होता.

खाण्याचे म्हणाल तर मीठ न लावलेल्या भुईमुगाच्या शेंगा मूठभर, टरफलासकट द्याव्यात. त्यांचे दात सतत वाढत असतात, त्यामुळे कुरतडणे ही त्यांची गरजच आहे. शेव, फरसाण, बिस्किटे देऊ नयेत. उन्हाळ्यात उथळ मातीच्या ताटलीत पाणी ठेवावे. खाण्यापेक्षा त्याचे मोल अधिक आहे. माणसाळवण्याच्या फंदात मात्र पडूच नये. जी खार माणसाला भीत नाही, ती शेजारच्या मांजरालाही भीत नाही, आणि मग गंमत पाहण्यास कोणी उरत नाही.

खारी अगदी निर्दोष आहेत, असा माझा दावा नाही. त्या पक्ष्यांची अंडी खातात. आमच्या जास्वंदीतले बुलबुलाचे घरटे एका सकाळी रिकामे झाले, ते मी स्वतः पाहिले आहे. विजेच्या उघड्या वायरी त्यांच्या वाटेवर असतील तर झाकून घ्याव्यात. आणि आपल्याकडे ठिबक असेल तर उन्हाळ्यात नळ्यांवर लक्ष ठेवा, कारण पाणी मिळेना की त्या नळी कुरतडतात. मागच्या एप्रिलमध्ये भाऊजींच्या लिंबांची नळी तीन ठिकाणी फुटली होती. निंदणीच्या वेळी कोणाचा तरी विळा लागला असावा, असे मी त्यांना सांगितले आणि नवी नळी माझ्या निवृत्तिवेतनातून आणून दिली.