लंडी कोतल आणि कोतवाल घोडा

प्रश्न असा आलाय: खैबर खिंडीतल्या त्या गावाचं नाव 'लंडी कोटल' की 'लंडी कोतल', आणि तिथे पूर्वी कोतवाल बसायचा म्हणून हे नाव पडलं का?

त. कोतल. पश्तोत त, उर्दूत त, फारसीत त. आपले बातम्यावाले इंग्रजी स्पेलिंग बघून ट ठोकून देतात, आणि वर 'लँडी' म्हणतात, जणू तिथे कोणी जमीन विकतंय. कोतवालाचा तर काहीच संबंध नाही. कोतवाल म्हणजे कोट्टपाल, कोट राखणारा, तो आपल्याकडचा माणूस, त्याला खैबरात पाठवायची गरज नाही.

आधी लंडी. हसून घ्या एकदा, मग पुढे वाचा. पश्तोत लंड म्हणजे आखूड, आणि तो आपल्या 'लांडा'चाच भाऊबंद आहे असं माझं ठाम मत आहे. शेपूट तुटलेला लांडा बैल, गुडघ्याच्या वर राहिलेला लांडा झगा. पंजाब-सिंधच्या व्यापाऱ्यांची काना-मात्रा गाळलेली लिपी 'लंडा', तीही त्यातलीच. पश्तोतल्या दोन ओळींच्या लोकगीताला 'लंडई' म्हणतात, पहिल्या ओळीत ९ अक्षरं, दुसरीत १३, संपलं. बायकांनी रचलेल्या कितीतरी आहेत आणि चावऱ्या असतात, कारण लंडई हे एका आखूड विषारी सापाचंही नाव आहे. (गावचे मोठे कवी हमजा शिनवारी मात्र गझलेसाठी प्रसिद्ध, ते राहू दे.)

काही जाणकार सांगतात की हा शब्द 'लांदे' म्हणजे 'खाली' ह्यावरून आला. अहो, तिथे द आहे, इथे ड आहे, आणि गाव खिंडीच्या माथ्यावर आहे, हजार मीटरच्या वर! माथ्यावरच्या गावाला खालचं नाव कोण ठेवेल?

आता कोतल, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितोय. कोतल म्हणजे डोंगरातली चढाची वाट, खिंड, आपण घाट म्हणतो तेच. अफगाण सरहद्दीवर असे कोतल पुष्कळ, पेवार कोतलवर १८७८ च्या डिसेंबरात इंग्रज-अफगाण लढाई झाली तो त्यातलाच. इराणात शिराझकडून बुशहरला उतरताना कोतल-ए-पीरझन आणि कोतल-ए-दोख्तर लागतात, म्हणजे म्हातारीचा घाट आणि पोरीचा घाट, अगदी आपल्याकडची नावं वाटतात की नाही? तेव्हा 'लंडी कोतल खिंड' असं कृपा करून लिहू नका, ते 'आखूड खिंड खिंड' होतं.

पण फारसीत कोतलचा आणखी एक अर्थ आहे: स्वार नसलेला, सजवलेला, हाताने धरून चालवलेला घोडा. आणि हा घोडा मराठीत आहे! जुन्या बखरींत मिरवणुकीत 'कोतवाल घोडे' चालतात ते हेच. मूळ कोतल घोडा, लोकांना शब्द कळेना, ओळखीचा कोतवाल सापडला, त्यालाच चिकटवला. आणि आता लोक मला समजावतात की पूर्वी कोतवाल ह्या घोड्यावर बसून गस्त घालायचा. ज्या घोड्यावर कोणी बसायचंच नाही तो कोतवालाला काय कामाचा! वारीत रिंगणाला माउलींचा अश्व बिनस्वाराचा धावतो ना, अर्थाने बघितलं तर तो खरा कोतल.

घाट आणि घोडा एका शब्दात कसे आले? इथे मंगोल मदतीला येतात. मंगोल भाषेत 'खोतोल' म्हणजे खिंड आणि 'खोतलोख' म्हणजे हाताला धरून चालवणं. माझ्या मते ह्यात सगळं आलं: चढ असा की खाली उतरायचं, लगाम धरायचा आणि घोड्याला चालवत न्यायचं, जिथे प्रत्येक घोडा कोतल होतो ती जागा कोतल. ज्यांना कोतल हा 'कोट + आलय' वाटतो त्यांनी एकदा भर उन्हात घोडा घेऊन एखादा घाट चढून बघावा.

आणि हो, १७५८ ला मराठे अटकेपर्यंत गेले तेव्हा हा शब्द तिकडून घेऊन आले असं एकाने मला फार आत्मविश्वासाने सांगितलं. अटक कुठे, लंडी कोतल कुठे, मध्ये अख्खं पेशावर आहे! आणि बहमनी-आदिलशाही काळापासून दरबारातली फारसी आपल्या घरात शिरली होती, घोड्यांचे शब्द आणायला एवढ्या लांब जायची गरज नव्हती.

त्या चढाचं सांगायचं तर १९२५ ला इंग्रजांनी लंडी कोतलपर्यंत रेल्वे नेली, ३४ बोगदे खोदून, आणि तरी गाडीला एक इंजिन पुढे आणि एक मागे लावावं लागायचं. म्हणजे आगगाडीसुद्धा तिथे कोतलच.